सीट वाया गेली, असं म्हणालात म्हणून

आदरणीय सर,


माझ्या गुणांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच लिहिते. पत्राचा मथळा वाचून तुम्हाला पहिल्यांदा तेच वाटेल. पहिल्या वर्षी फिजिओलॉजीत मी नापास झाले, ते पेपर मीच लिहिले होते. पुरवणी परीक्षेत सुटले, काठावर. अ‍ॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्रीही पन्नाशीच्या आसपासच. आता दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी आणि मायक्रो ठीक चाललेत, फार्मॅकॉलॉजीच्या इंटर्नलमध्ये मात्र मी कमी पडतेय. थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून पन्नास टक्के भरले नाहीत तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नाहीत. नियम सगळ्यांना सारखा आहे आणि मला तो मान्य आहे.

तक्रार आहे ती त्या दुपारची. आणि ती मी उघड्यावर लिहितेय, कारण तुम्हीही जे बोललात ते उघड्यावरच बोललात. केबिनचं दार सताड उघडं होतं, तुमच्याच विभागातले दोन पीजी दारात सहीसाठी थांबले होते. त्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी मला कॉरिडॉरमध्ये "काय ठरलं मग?" असं विचारलं. त्याच्यापर्यंत माझी गोष्ट पोचणार असेल तर ती अर्धीच का पोचावी? तुमचं नाव मी लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. तसंही राज्यातल्या बहुतेक कॉलेजांतल्या मुलांना हे पत्र आपल्याच सरांबद्दल आहे असं वाटेल.

माझ्या वडिलांना, अण्णांना, तुम्ही फोन करून बोलावलंत. ते एसटीत कंडक्टर आहेत. रात्रीची ड्युटी संपवली आणि तसेच दुसऱ्या गाडीत बसून आले. केबिनमध्ये तुमच्यासमोर दोन खुर्च्या होत्या, दोन्हींवर जर्नलांचे गठ्ठे होते, म्हणून ते उभे राहिले. साहेबासमोर उभं राहायची त्यांना सवय आहे, त्याचं त्यांना काही वाटलं नसेल. मला वाटलं.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो हा : "अ‍ॅडमिशन कुठल्या कॅटेगरीतून?" अण्णांनी सांगितलं. तुम्ही "हं" म्हणालात. बस, एवढंच. त्या "हं"नंतर जे काही बोललात ते त्याच उत्तरातून निघाल्यासारखं वाटत राहिलं. सर, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला पासिंगचे गुण ठरवताना कॅटेगरी लागत नाही. पन्नास म्हणजे पन्नास; खुल्या वर्गातल्या मुलालाही तेवढेच आणि मलाही तेवढेच. मी नापास झाले तेव्हा माझ्यासोबत सगळ्या कॅटेगरींतली मुलं नापास झाली होती. त्यांच्या वडिलांना हा प्रश्न विचारला गेला का, ते मी त्यांच्याकडून समजून घेतलंय, म्हणून इथं लिहिण्याचं धाडस करतेय. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांमुळे ज्यांची बातमी गाजली त्या डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेल्या तेव्हा मी शाळेत होते. टीव्हीवर बातमी लागली की आई चॅनेल बदलायची, कारण मी तेव्हाच डॉक्टर व्हायचं म्हणत होते. माझ्या त्रासाची त्यांच्याशी तुलना करायची नाही. पण त्या बातम्या ऐकून वाढलेल्या मुलीच्या कानाला तो प्रश्न कसा लागतो, हे शिक्षकाला कळायला हवं होतं.

मग तुम्ही म्हणालात, "हा कोर्स सगळ्यांना झेपत नाही. नियमानं नऊ वर्षं मिळतात, ही नऊही लावेल. त्यापेक्षा बीएस्सीला वगैरे घाला. उगाच एक सीट वाया गेली." यातलं एकही वाक्य माझ्याकडे बघून बोललं गेलं नाही. मी तिथंच होते. सज्ञान आहे, मतदान करते, मुडद्यावर सुरी चालवलेली आहे. पण माझं काय करायचं हा प्रश्न तुम्ही दोघा पुरुषांत सोडवत होतात.

नऊ वर्षांबद्दल आधी बोलते, कारण अण्णांच्या डोक्यात तेच बसलं. कोर्स साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि संपूर्ण शिक्षणाला नऊ वर्षं, अशी शेवटची हद्द घातलेली आहे. पहिलं वर्ष मी पुरवणीत काढलं, त्यामुळे माझी बॅच बदललेली नाही. आजच्या तारखेला माझं एकही सत्र वाया गेलेलं नाही. तरी तुम्ही ती हद्द माझं भविष्य म्हणून सांगितलीत. स्टँडवर गाडीची वाट बघताना अण्णा बराच वेळ बोटांवर मोजत बसले आणि मग म्हणाले, "नऊ वर्षं म्हणले की गं सर." मी नियम समजावला. त्यांनी मान हलवली. पण प्रोफेसर सांगतो ते खरं की नापास झालेली पोरगी सांगते ते खरं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न मला त्यांच्या तोंडावर दिसत होता. माझ्यावरचा बापाचा विश्वास तुम्ही असा एका वाक्यात हलवलात, सर. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आता एक गोष्ट, जी त्या दारातल्या पीजींना ठाऊक नसेल. तुम्ही माझे मेंटॉर आहात. कागदोपत्री. पहिल्या वर्षी फाउंडेशन कोर्समध्ये याद्या लागल्या तेव्हा तुमच्या नावाखाली माझं नाव बघून मला आनंद झाला होता, कारण तुमचं शिकवणं चांगलं आहे. हे मी लोणी लावायला लिहीत नाही. किडनीवरची तुमची लेक्चर्स अजून माझ्या वहीत जशीच्या तशी आहेत. मेंटॉर-मेंटी बैठकीचा एक फॉर्म असतो : तारीख, चर्चेचे विषय, विद्यार्थ्याच्या अडचणी, सुचवलेले उपाय, दोघांच्या सह्या. इन्स्पेक्शनच्या आधी तुमचा क्लार्क आम्हाला ओळीनं बोलवायचा आणि आम्ही आधीच भरलेल्या फॉर्मवर सही करायचो. माझ्या प्रत्येक फॉर्मवर अडचणींच्या रकान्यात "निल" लिहिलेलं आहे. फिजिओलॉजीत नापास झाले त्या सत्राच्या फॉर्मवरही निल. म्हणजे तुमच्या दप्तरात मी अशी विद्यार्थिनी आहे जिला कधीही कसलीही अडचण नव्हती आणि तरीही जिला हा कोर्स झेपत नाही. हे दोन्ही एका वेळी खरं कसं असेल?

अडचणी विचारल्या असत्यात तर मी सांगितल्या असत्या. त्या फार गूढ नाहीत. दहावीपर्यंत मी जिल्हा परिषदेच्या आणि मग गावातल्याच संस्थेच्या शाळेत मराठीतून शिकले. अकरावी-बारावीला लातूरला, आणि तिथं इंग्रजी आलं ते चार पर्यायांतून एक गोल रंगवण्यापुरतं. नीट हा पेपर इंग्रजी वाचता आलं की देता येतो, त्यात एक वाक्यही लिहावं लागत नाही. माझ्यासारखी शेकडो मुलं त्या दारातून आत येतात आणि पहिल्याच पार्ट एंडिंग परीक्षेला त्यांच्याकडे दहा गुणांचं लाँग क्वेश्चन इंग्रजीत मागितलं जातं. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे आईवडील दोघं डॉक्टर. त्याच्या घरी बोन्सचा सेट बारावीच्या सुट्टीतच आलेला होता. त्याच्याबद्दल राग नाही, त्यानंच मला ब्रेकियल प्लेक्सस काढायला शिकवलं. पण आम्ही दोघं एकाच रेषेवरून धावायला सुटलो असं तुम्ही धरून चालता, तेवढं धरून चालू नका.

विद्यापीठाच्या व्हायव्हाला इंटर्नल परीक्षक तुम्हीच होतात. कार्डिअ‍ॅक सायकल विचारली. मला विगर्सची आकृती पाठ नव्हती, कळलेली होती : प्रेशरची रेघ कुठं चढते, व्हॉल्व्ह कुठल्या क्षणी बंद होतो, ईसीजीवर तेव्हा काय असतं, आवाज कुठं ऐकू येतो. मी कागद ओढून काढायला लागले. तुम्ही म्हणालात, "ड्रॉइंगची परीक्षा नाही. बोल." आणि मी बोलू शकले नाही. शब्द येत होते, पण क्रियापदं येत नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई "लेट हर ड्रॉ" म्हणाल्या होत्या, हे तुम्हाला आठवत नसेल.

(इथं कुणी तरी मराठीतून एमबीबीएसचा विषय काढेल, म्हणून थोडक्यात : मला मराठी पाठ्यपुस्तक नको आहे. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये हिंदीत पुस्तकं निघाली, आपल्याकडेही अधूनमधून घोषणा होतात, होवोत. मला पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे. मला हवं होतं ते एवढंच, की एखादी गोष्ट एकदा कुणीतरी मराठीत समजावून सांगावी आणि मग ती इंग्रजीत कशी लिहायची ते दाखवावं. हे काम दहा मिनिटांचं असतं. ते करायला कुठलीही समिती लागत नाही.)

त्याऐवजी काय झालं? नोटीस बोर्डावर "स्लो लर्नर्स" अशी यादी लागली, रोल नंबरसकट. नॅक मूल्यांकनाच्या फाइलला दोन याद्या लागतात, हुशारांची एक आणि सावकाश शिकणाऱ्यांची एक, आणि दोघांसाठी काय केलं त्याचे फोटो. फोटो निघाले, आम्ही मागच्या बाकांवर बसून हसलो आणि रेमेडियलचा तास तिथंच संपला. यादी मात्र उन्हानं पिवळी पडेपर्यंत बोर्डावर राहिली. मेसमधला पोऱ्यासुद्धा "ताई, तुमचं नाव लागलंय" म्हणाला. त्याला वाटलं, निवड झाली.

फार्मॅकचं सांगते, कारण सध्याचा घोळ तिथं आहे. कम्युनिटी मेडिसिनमध्ये आम्हाला गावातली कुटुंबं दत्तक दिलेली असतात. माझ्या वाट्याला आलेल्या घरांत एक घर आमच्या बीडकडून ऊसतोडीला आलेलं आणि फडावरून फडावर जाता जाता तिथंच राहिलेलं आहे. घरातल्या मावशींना बीपी आहे. अ‍ॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम, रोज एक. त्यांचं बीपी कधीच ताब्यात नसायचं, आणि आमच्या गटातल्या मुलांनी फॉर्मवर "पुअर कम्प्लायन्स" लिहून पुढचं घर गाठलं. मी त्यांच्या ओट्यावर बसून विचारलं, तर म्हणाल्या, "डोकं दुखायलं की घेते. रोज घेतली की पाय सुजायलेत, मग मोळी उचलवत नाही." रात्री त्रिपाठींच्या औषधशास्त्राच्या पुस्तकात अ‍ॅम्लोडिपिनचे दुष्परिणाम काढले, तर घोट्याची सूज वरच लिहिलेली. आमच्या असिस्टंट प्रोफेसर मॅडमना सांगितलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली.

पुढच्या महिन्यात इंटर्नलला प्रश्न आला : उच्च रक्तदाबावरच्या औषधांचं वर्गीकरण लिहा आणि एका गटाची माहिती द्या. वर्गीकरणातले दोन गट माझ्याकडून राहिले. पायाच्या सुजेवर मी अर्धं पान लिहिलं. ते विचारलेलं नव्हतं. जितके मिळायचे तितके गुण मिळाले आणि ते बरोबर आहेत. वर्गीकरण येत नसेल तर मावशींना दुसरी गोळी कुठली द्यायची हे मला कुठून कळणार? ते मॅडमना कळलं, मला नाही. म्हणून ही गोष्ट सांगून मी आतून फार मोठी डॉक्टर आहे वगैरे सिद्ध होतं असं मला म्हणायचं नाही. बीडकडची कुठलीही मुलगी ओट्यावर बसली असती तर मावशी तिच्याशी तेच बोलल्या असत्या. मला म्हणायचं आहे ते इतकंच, की मला झेपतं काय आणि झेपत नाही काय, याची तुमच्याकडे एकाच बाजूची नोंद आहे आणि दुसरी बाजू बघायची तसदी मेंटॉर म्हणून तुम्ही घेतली नाहीत. मॅडमनी माझ्या लॉगबुकात त्या भेटीवर सही करताना दोन ओळी लिहिल्यात. केबिनमध्ये ते लॉगबुक माझ्या हातात होतं. तुम्ही मागितलं नाही.

आता सोडण्याबद्दल. तुम्हाला वाटत असेल की मी तुमचं ऐकून दुखावले आणि हट्टानं इथं चिकटून बसले. तसं नाही. तुमच्या आधीपासून मी हा विचार करतेय, आणि तुमच्यापेक्षा पुष्कळ बारकाईनं. बीएस्सी अ‍ॅग्रीचे फॉर्म कधी निघतात ते मला माहीत आहे. एमपीएससीची वयोमर्यादा पाठ आहे. आमच्या बॅचच्या एका मुलीनं पहिल्या वर्षी सोडलं. ती हुशार होती, माझ्यापेक्षा जास्त गुण होते, तिला फक्त हे नको होतं. आता पुण्यात डिझाइन शिकते आणि तिचा आवाज फोनवर वेगळाच येतो, मोकळा. तिनं अगदी बरोबर केलं. सोडणाऱ्या मुलांना मी कमी लेखत नाही, आणि तुम्हीही लेखू नका.

पण तिचं सोडणं आणि माझं सोडणं यात फरक आहे. एक तर पैसा. सीट सोडताना भरायची रक्कम लाखांत जाते. तिच्या वडिलांनी भरली, आमच्याकडे ती नाही. २०२४ च्या सुरुवातीला खुद्द आयोगानं राज्यांना लिहिलं होतं की सीट सोडण्याचे असे भलेमोठे बाँड मुलांच्या मनावर ताण आणतात, ते काढून टाकण्याचा विचार करा. "बीएस्सीला घाला" असं सांगताना तुम्ही बाँडबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. अण्णांना ते मी घरी गेल्यावर सांगितलं, तेव्हा ते मटकन खाली बसले.

दुसरं, सीट वाया जाण्याबद्दल, ज्या शब्दांनी हे पत्र लिहायला लावलं. त्या मुलीचा रोल नंबर प्रॅक्टिकलच्या हजेरीत अजूनही वगळून पुढं जातात. तिच्या जागी कुणी आलं नाही, येणारही नाही, कारण एमबीबीएसला मधल्या वर्षात प्रवेश नसतो. रिकामी झालेली जागा बॅच बाहेर पडेपर्यंत रिकामीच राहते. तिच्या बाबतीत ते ठीकच होतं. माणूस सीटसाठी नसतो. पण तुम्ही सीटचा हिशेब काढलात म्हणून विचारते : मी राहिले आणि पन्नास टक्क्यांनी का होईना पास झाले, तर सरकारच्या खर्चातून एक डॉक्टर बाहेर पडेल, सरकारी सेवेच्या बाँडचं एक वर्ष कुठल्या तरी ग्रामीण रुग्णालयात काढेल. मी गेले तर काहीच बाहेर पडणार नाही. सीट वाया नेमकी केव्हा जाते, सर?

अण्णांचे पैसे आणि कष्ट हे राहण्याचं कारण होऊ शकत नाही, हेही मला कळतं. २०२१ च्या हिवाळ्यात एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद होता आणि माझ्या क्लासचा हप्ता तेव्हाच होता. आईनं काय विकलं ते मला पुढं कळलं. ती गोष्ट मी मनातून काढू शकत नाही. पण त्याची परतफेड म्हणून न आवडणारं काम चाळीस वर्षं करणं हा वेडेपणा होईल, आणि त्याचा त्रास शेवटी पेशंटला होईल. म्हणून मी स्वतःला विचारलं : कुणाचं काही देणं नसतं तर मी इथं राहिले असते का? उत्तर हो असं येतं. रोज नाही येत. अ‍ॅनाटॉमी मला कधीच आवडली नाही, आजही नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तर उत्तर नाहीच असं असतं. पण ओपीडीत पोस्टिंग असते त्या दिवशी हो असतं, पॅथॉलॉजीच्या स्लाइडवर एखादी गोष्ट आपोआप ओळखू आली की हो असतं, आणि त्या रात्री पुस्तकात घोट्याची सूज सापडली तेव्हा इतकं हो होतं की मी रूम पार्टनरला उठवून सांगितलं.

गुणांचं पुढं काय होतं तेही मी पाहिलं आहे. पीजीची जागा नीट-पीजीच्या गुणांवर ठरते, एमबीबीएसच्या टक्क्यांवर नाही. अमेरिकेचं उदाहरण दिलं की तुम्हाला पटतं, म्हणून तेही देते : तिथल्या यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यात जानेवारी २०२२ पासून गुणच देत नाहीत, फक्त पास की नापास एवढं कळवतात. याचा अर्थ अभ्यास कमी चालेल असा मी घेत नाही. फार्मॅक न येणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी मीही घेणार नाही. माझ्या हातून कुणाचं बरंवाईट होईल अशी शंका मला आली, तर तुमच्या सांगण्याची वाट न बघता मी निघेन. पण तो निवाडा करायला आधी मला कुणीतरी नीट शिकवून तर बघायला हवं. ते अजून झालेलं नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. दोनशेची बॅच, विभागात रिकाम्या पदांच्या पाट्या, इन्स्पेक्शन, चेहरा दाखवून लावायची आयोगाची हजेरी, वर मेंटॉरशिपची कागदं. तुम्हालाही कुणी विचारत नसेल की अडचणी काय. पण तुमच्यावरचा ताण तुम्ही खाली ढकललात आणि तो अण्णांपर्यंत गेला. आयोगाच्याच टास्क फोर्सचा मुलांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. एमबीबीएसच्या २५,५९० मुलांनी त्यांच्या प्रश्नावलीला उत्तरं दिली, २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे असं कळवलं, आणि १६.२ टक्के मुलांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं. माझं नाव त्यात धरू नका. मी जेवते, झोपते, मैत्रिणींशी भांडते. पण आमच्या वर्गाला हे आकडे लावून बघा आणि मग ठरवा की "झेपत नाही" हे वाक्य केबिनचं दार उघडं ठेवून कुणाबद्दल बोलायचं.

तूर्त मी राहतेय. फार्मॅकच्या इंटर्नलची कमी भरून काढायला आणखी एक परीक्षा घेतील असं विभागानं सांगितलंय, त्याची तयारी चालू आहे. वर्गीकरणं भिंतीवर लावलीत आणि मॅडम आठवड्यातून एकदा अर्धा तास देतात. विद्यापीठाच्या निकालात काय होईल ते मी सांगू शकत नाही. नापास झाले तर पुन्हा बसेन की निघेन, हे तेव्हा मी ठरवीन, आणि ते अण्णांना मी स्वतः सांगेन. त्यांना पुन्हा फोन करू नका. करायचाच असेल तर नऊ वर्षांचं ते वाक्य दुरुस्त करण्यापुरता करा.

माझ्यासाठी तुम्ही काही करावं अशी आता अपेक्षा नाही. पण या वर्षीच्या मेंटीच्या यादीत तुमच्याकडे फर्स्ट इयरची एक मुलगी आली आहे, हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत राहते. चंद्रपूरकडची आहे, मराठी शाळेतली. पहिल्या टेस्टमध्ये तिला फिजिओलॉजीत फार कमी पडलेत आणि गेले काही दिवस ती मेसमध्ये येत नाही, खोलीतच बिस्किटं खाते. तिला नर्व्ह-मसल कळत नाहीये. तुमचा क्लार्क सहीसाठी बोलवायच्या आधी तुम्ही तिला एकदा बोलवा. मला येतं तेवढं मी रात्री तिला सांगते, पण मी त्याच विषयात नापास झालेली आहे आणि तो विषय तुमचा आहे.

तुमची विद्यार्थिनी,
एमबीबीएस, दुसरं वर्ष